कितीपैकी किती?

चि. मनू,



ताईचा फोन येऊन गेला. आवाज असा, की आधी वाटलं सीट हुकलीच. मग कळलं, मिळाली आहे, पण एमडी पीएसएमची, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाची. मुलगी दवाखाना टाकणार नाही, पाटी लावणार नाही, म्हणजे करणार तरी काय, हा ताईचा प्रश्न आणि तोच भाऊजींचा. तू मात्र मेसेजमध्ये एवढंच विचारलंस: घेऊ की सोडू?

सीट धरून ठेवायची, लायब्ररीत बसून पुन्हा नीटची तयारी करायची, जमलं तर पुढच्या वर्षी मेडिसिन, असा बेत असेल तर घेऊ नकोस. असे रेसिडेंट मी वर्षानुवर्षं पाहिले. हजेरीपुरते रूरल सेंटरला येतात, एमसीक्यूची पुस्तकं बॅगेत. त्यांचं मेडिसिनही होत नाही, पीएसएमही होत नाही. घ्यायची तर मनापासून घे. पैशाचंही आत्ताच सांगते, नंतर कुरकुर नको. तुझ्या बॅचची रेडिओलॉजीवाली मैत्रीण तुझ्या कितीतरी पट कमावेल. तुझं पोट व्यवस्थित भरेल, एवढंच. आणि पेशंट पेढे घेऊन येणार नाही. ज्याला कावीळ झालीच नाही, त्याला ती तुझ्यामुळे झाली नाही हे कळणार कसं?

आता कामाचं. पार्कचं जाडजूड पुस्तक एमबीबीएसला तू पाठ केलंस, मार्कही मिळवलेस, पण विषयाची गोम तुला तेव्हा कुणी सांगितली असेल असं वाटत नाही. गोम एका प्रश्नात आहे: कितीपैकी? समज, एका गावात महिन्याभरात जुलाबाचे ४० रुग्ण आणि दुसऱ्यात १५. सगळी यंत्रणा पहिल्या गावाकडे धावणार, पेपरात फोटोही तिथलाच येणार. पण पहिल्याची वस्ती ८,००० आणि दुसऱ्याची ९०० असेल तर? साथ दुसऱ्या गावात आहे. क्लिनिकल डॉक्टरला समोरचा माणूस दिसतो. तुला न आलेली माणसं मोजायची आहेत, आणि ती रजिस्टरात नसतात.

शून्याचा आकडा तर सगळ्यात आधी तपासायचा. पोलिओचं काम करताना हे फार चांगलं शिकायला मिळालं. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला की त्याची नोंद करायची, चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींत किमान चोवीस तासांचं अंतर ठेवायचं, आणि शीतसाखळीतून ते प्रयोगशाळेला पाठवायचे. दुसऱ्या कारणांनीही मुलं लुळी पडतातच. म्हणून आपल्याकडे दर लाख मुलांमागे असे पोलिओ नसलेले दोन तरी रुग्ण वर्षाला सापडले पाहिजेत, असा दंडक होता. एकही सापडला नाही, तर जिल्ह्याचं कौतुक व्हायचं नाही, कुणी शोधतच नाहीये असं धरलं जायचं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. त्यानंतरचं शून्य जगाने मान्य केलं ते या शोधाशोधीमुळे.

रजिस्टर वाचायला शीक. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लसींच्या फ्रिजची, म्हणजे आयएलआरची, तापमान वही उघडली होती. सकाळी ४, संध्याकाळी ४, सकाळी ४, संध्याकाळी ४. पानभर एकच पेन, एकच झोक. त्याच महिन्यात वादळाने गावाची वीज दीड दिवस गेलेली. बरोबरचा रेसिडेंट त्या सिस्टरवर खेकसणार, एवढ्यात मी त्याला चहा आणायला पाठवलं. बाईंशी बोलल्यावर कळलं, थर्मामीटर केव्हाचाच बंद होता, नव्यासाठीचं मागणीपत्र तालुक्याला पडून होतं आणि रकाना रिकामा ठेवला की आढावा बैठकीत बोलणी बसत. खोटा आकडा त्या वहीत होता खरा, पण त्याचं मूळ वरच्या टेबलावर होतं. आम्ही थर्मामीटर मिळवून दिला, पेंटा लसीच्या वायल्स गोठून वाया गेल्या नाहीत ना हे शेक टेस्टने पाहिलं, आणि मग वहीचं बोललो. क्रम महत्त्वाचा. आधी वहीचं बोललीस तर पुढच्या वेळी वही तुझ्यासमोर उघडलीच जाणार नाही.

पावसाळ्यात पाण्याचंही तसंच. विहिरीत टीसीएल पावडर टाकली, असं जलसुरक्षक सांगेल. ऐकून घे, आणि टोकाच्या घरातल्या नळाखाली क्लोरीन तपासायची ओटीची नळी धर. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचला. पाणी तसंच राहिलं तर पावडरचं पोतं कुठे ठेवलंय ते बघायला जा. बऱ्याचदा ते ग्रामपंचायतीच्या गळक्या खोलीत उघड्या तोंडाने पडलेलं असतं, आणि पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. निदान झालं. गोळ्या वाटायची गरज नाही, पोत्याचं तोंड बांधायची आहे.

१९९४ सालची बीडच्या प्लेगची गोष्ट तुम्हाला शिकवतात का? किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. पडझडीच्या भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य मात्र घरातच राहिलं, आणि उंदरांचं फावलं, असा त्या साथीचा उलगडा सांगितला जातो. पुढच्या वर्षी बीडजवळच्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या, आणि ऑगस्टच्या अखेरीस माणसांच्या काखेत-जांघेत गाठी आल्या. मेलेला उंदीर ओपीडीत येत नाही. तो दिसायचा तर आशाताई, सरपंच, शिक्षक यांनी तुला आपणहून फोन केला पाहिजे, आणि तो फोन तीन वर्षांच्या ओळखीशिवाय येत नाही.

प्लेगचाच विषय निघाला तर जरा मागे जाते. मुंबईच्या मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात हा प्लेगच आहे असं ठामपणे सांगणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. रुग्ण तपासणारे साधे डॉक्टर, पण महापालिकेतही होते, म्हणून एका खाटेवरचं निदान त्यांनी थेट शहराच्या कारभाऱ्यांपुढे नेलं. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. इथवर सगळं पुस्तकात आहे. पुण्यातलं प्रकरण मात्र आपण शाळेत इतिहासाच्या तासाला शिकतो, आणि मला ते पीएसएमच्या तासाला शिकवावंसं वाटतं. रँडच्या प्लेग कमिटीला रुग्ण शोधायचे होते, घरं निर्जंतुक करायची होती. पार्कमध्ये आजही साधारण तेच लिहिलंय: शोधा, वेगळे करा, जंतू मारा. पण सोजिरांनी देवघरात-माजघरात घुसून, बायकांची अब्रू न राखता, सामान रस्त्यावर फेकून ते केलं. लोकांनी रुग्ण लपवले, आणि २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा बाहेर काढला. तो तुझ्याही हातात येईल. कुणाच्या उंबऱ्याआत जायचं आणि कुठे बाहेर थांबायचं, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही.

तीन वर्षांत तुझ्या वाट्याला येईल ते पड खाऊन कर. एमबीबीएसच्या पोरांना फॅमिली अ‍ॅडॉप्शनसाठी गावात नेणं, बसचा हिशोब, प्रदर्शनाचे तक्ते. कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच माणसं हाताळता येतात. डीआरपीचे, म्हणजे जिल्ह्यात काढायचे, तीन महिने मात्र कुणाला वाया घालवू देऊ नकोस. जिल्हा रुग्णालयात वॉर्डला लावतील, तर विनंती करून जिल्हा आरोग्य अधिकारी आणि साथरोग सर्वेक्षण अधिकारी, म्हणजे डीएचओ आणि डीएसओ, यांच्या ऑफिसात बस. पीआयपी, म्हणजे वर्षाच्या कामाचा आणि खर्चाचा आराखडा, मागून घे. कुठल्या हेडखाली किती पैसे आले, किती खर्ची पडले आणि मार्चमध्ये कसे पडले, हे एकदा बघ. आरोग्य शिक्षणाच्या दहा व्याख्यानांतून कळणार नाही ते तिथल्या क्लार्कशेजारी बसून कळतं.

पुढचं तू विचारलं नाहीस, तरी थोडक्यात सांगते. कॉलेजात शिकवणं हा सरळ रस्ता, आणि बहुतेक जण तोच धरतात. फील्ड आवडलं तर दिल्लीच्या एनसीडीसीचा दोन वर्षांचा ईआयएस कार्यक्रम बघ. साथीचा तपास तिथे साथीत उतरवूनच शिकवतात. चेन्नईची एनआयई त्याच जातकुळीची. डब्ल्यूएचओची सर्व्हेलन्सची कामं असतात, महापालिका आहेत, आयसीएमआर आहे. सरकारी सेवेत डीएचओच्या खुर्चीवर पीएसएमवालाच बसेल असं आपल्याकडे नाही, आणि हे मला आजही खुपतं. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याची वेगळी सेवा आणि १९३९ पासूनचा वेगळा कायदा आहे. आपण अजून समित्यांवर आहोत. एमपीएच परदेशात करायचं वेड आत्ता नको. गावात काही वर्षं घालवून मग जा. डॉ. अभय आणि राणी बंग आधी इथे काम करून जॉन्स हॉपकिन्सला गेले, आणि परत येऊन गडचिरोलीत बसले. त्यांना तिथे काय शिकायचं हे जाण्याआधी माहीत होतं.

राहिला थीसिस. 'नर्सिंगच्या विद्यार्थिनींचं अमुक विषयाबद्दलचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण' हा विषय कुणी सुचवला तर हसून नाही म्हण. कपाटं भरली आहेत त्याने. एकाच उपकेंद्राचं एकच दुखणं घे, उदाहरणार्थ लसीकरणातून सुटणारी ऊसतोड कामगारांची मुलं: गावच्या यादीत आहेत, कारखान्याच्या फडावर आहेत, आणि दोन्हीकडच्या सिस्टरला वाटतं की दुसरीने टोचलं. सिनॉप्सिस समितीकडे जाण्याआधी मला पाठव. सँपल साइझसाठी फोर पीक्यू भागिले एल स्क्वेअर मांडशील तेव्हा 'पी' कुठून घेतलास ते नीट लिही. 'गाईड म्हणाले म्हणून' असं लिहिलेलं मी एकदा खरोखर वाचलंय, आणि व्हायव्हात बिचाऱ्याने तेच तोंडीही सांगितलं.

तुझी,
मावशी