मोहऱ्यांची प्रतिष्ठा

बुद्धिबळाचा डाव संपला म्हणजे राजा आणि प्यादे एकाच पेटीत जाऊन पडतात, या दृष्टान्ताच्या आधारे जीविताच्या नश्वरतेवर आणि मृत्यूच्या समदर्शित्वावर प्रवचन करण्याचा प्रघात इतका जुना व इतका सर्वदूर पसरलेला आहे, की त्या पेटीत खरोखर काय घडते हे पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. पेटीतील समता ही अनास्थेची समता होय. तेथे घोड्याच्या कानावर हत्तीची जड बैठक आदळते, राजाच्या मुकुटावरील क्रूसाची टोके झिजतात, आणि कोण कोणाखाली दडपला गेला आहे याची दाद घेणारे तेथे कोणी नसते. मृत्यूचे चित्र म्हणून हा दृष्टान्त कोणी सांगत असेल तर त्याविषयी माझी तक्रार नाही; परंतु समत्वाचे चित्र म्हणून तो पुढे करण्यात येत असेल, तर ज्याने लाकडाची एक साधी मांडणी करून मोहऱ्यांना आपल्या हाताने जागा नेमून दिली आहे, त्याला तो मान्य होणे कठीण आहे.

कारण अशी मांडणी करावयास बसणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी, फळीला रंधा लागण्यापूर्वीच, एक प्रश्न उभा राहतो, आणि तो सुतारकामाचा नाही. कोणाला कोठे उभे करावयाचे? पटावर हा प्रश्न संभवत नाही. तेथे प्रत्येकाचे घर शिरस्त्याने ठरलेले असते. मांडणीवर मात्र शिरस्ता नाही, आणि एखाद्या दरबारी बैठकीप्रमाणे पायऱ्या करून मानमरातबाने मोहरे बसवावे असे मनात आणले, तर मान कोणत्या प्रमाणाने मोजावा येथेच गाडे अडते. उंची प्रमाण मानावी, तर जागतिक बुद्धिबळ महासंघाने सुचविलेल्या मापांत राजा 9.5 सेंटिमीटर, वजीर 8.5, उंट 7, घोडा 6, हत्ती 5.5 आणि प्यादे 5 असा क्रम लागतो. म्हणजे वजिराच्या खालोखाल ज्याचे बळ, तो हत्ती प्याद्याच्या शेजारी येऊन बसतो. बळ प्रमाण मानावे, तर प्याद्याचा एक, घोड्याचे व उंटाचे तीन-तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ हे खेळाडूंच्या तोंडी असलेले कोष्टक हाताशी आहे. पण त्या कोष्टकात राजाला आकडाच नाही, कारण ज्याच्यावाचून डावच उरत नाही त्याची किंमत डावातल्या नाण्याने करता येत नाही. शिवाय हे आकडेही सशर्त आहेत. सातव्या पंक्तीत जाऊन पोचलेले प्यादे कोपऱ्यात कोंडलेल्या हत्तीपेक्षा मोठे असते, आणि आणखी एक घर चालले म्हणजे ते वजीरच होते.

भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर याने आपल्या व्याख्यानांत बुद्धिबळाचेच उदाहरण घेऊन असे दाखविले होते, की हरवलेल्या घोड्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवली आणि तिला घोड्याची चाल दिली, तर ती वस्तू घोडाच होय. घोडेपण लाकडात नाही, आकृतीत नाही, इतर मोहऱ्यांशी असलेल्या संबंधांत आहे. पटापुरते हे निर्विवाद आहे. परंतु संबंधांत मूल्य सामावून संपत असेल, तर जेथे चाल नाही, शह नाही, प्रतिपक्षी नाही, त्या मांडणीवर आपण जे उभे करतो ते केवळ कातलेले लाकूड ठरते, आणि त्याच्यासाठी फळी गुळगुळीत करीत बसलेला मनुष्य निरर्थक उद्योग करीत आहे असे म्हणावे लागेल. माझे मन या निष्कर्षाला संमती देत नाही. संबंधांतून मोकळी झालेली वस्तू मूल्यहीन होत नाही. तिला मूल्य देण्याची जबाबदारी पाहणाऱ्याकडे येते, इतकेच.

स्मार्तांच्या पंचायतन पूजेत ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. शिव, विष्णू, सूर्य, देवी आणि गणपती या पाचांपैकी मध्यभागी कोणी असावे हे सर्वांसाठी एकदाच ठरवून टाकलेले नाही. ज्याचे जे आराध्य ते मध्यस्थानी येते आणि उरलेली चार सभोवती आपापल्या दिशांना बसतात. ताम्हनातील मध्य हा देवांमधील श्रेष्ठकनिष्ठतेचा निवाडा नव्हे; तो भक्ताच्या निष्ठेचा आविष्कार आहे. मोहऱ्यांच्या मांडणीतही, माझ्या मते, श्रेणी लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा उंच करावयाची ती सन्मानासाठी नव्हे, दिसण्यासाठी. पाच सेंटिमीटरच्या प्याद्यांमागे साडेपाचांचा हत्ती झाकला जातो. त्याच्या पायाखाली चार सेंटिमीटरची एक पायरी दिली म्हणजे त्याचा बुरूज मोकळा दिसतो, आणि तेवढ्याने पायरीचे प्रयोजन पुरे होते. राजासाठी निराळा चौथरा करण्याची मग गरज राहत नाही.

याहून बिकट प्रश्न खळग्याच्या खोलीचा आहे. मोहरा धक्क्याने पडू नये म्हणून फळीत त्याच्या बैठकीच्या आकाराचा वाटोळा खळगा कोरावयाचा, हे ठीक. पण किती खोल आणि किती घट्ट? येथे मला भागवताच्या अकराव्या स्कंधात उद्धवाला सांगितलेला पूजाविधी आठवतो. प्रतिष्ठा दोन प्रकारची, चल आणि अचल. अचल मूर्तीच्या पूजेत आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीच्या बाबतीत ते करावे अथवा न करावे, असा विकल्प ठेवलेला आहे. म्हणजे बसविलेल्या देवाला पुन्हा उठण्याची मोकळीक असणे हे प्रतिष्ठेला बाधक मानलेले नाही.

अचल प्रतिष्ठेचे एक विलक्षण उदाहरण जर्मनीतील आखेनच्या प्रधान चर्चमध्ये आहे. सम्राट दुसरा हेन्री याने अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे जे सोन्याने मढविलेले प्रवचनपीठ अर्पण केले, त्यावर अकीक आदी दगडांचे बुद्धिबळाचे मोहरे रत्नांसारखे जडविलेले आहेत. त्याच शतकात, 1061च्या सुमारास, पीटर डेमियन या कार्डिनलने फ्लॉरेन्सच्या बिशपाला बुद्धिबळ खेळल्याबद्दल कठोर शब्दांत दोष दिला. खेळणे पाप आणि मोहरे मात्र धर्मपीठाचे अलंकार, या दोन गोष्टी एकाच धर्मव्यवस्थेत नांदल्या, आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. धातूच्या कोंदणात कायमचा पक्का बसविलेला मोहरा चाल करू शकत नाही. तो निर्दोष झाला तो त्याचे कर्तृत्व काढून घेतल्यामुळे. अशा निर्दोषत्वाला मी सन्मान म्हणू शकत नाही, मग कोंदण सोन्याचे का असेना.

लाकूड स्वतःच या बाबतीत धडा देते. सागवान कितीही सुकवून घेतले तरी पावसाळ्याच्या दमट हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, रेषांच्या लांबीकडे मात्र जवळजवळ फुगतच नाही. त्यामुळे मे महिन्यात अगदी वाटोळा कोरलेला खळगा श्रावणात वाटोळा राहत नाही. मोहऱ्याची बैठकही लाकडाचीच. लाकूड उभे धरून ती कातलेली असल्यामुळे तीही किंचित लंबवर्तुळाकार होते, पण आपल्या दिशेने, फळीच्या दिशेने नव्हे. दोहोंमध्ये फट नसेल, तर राजा खळग्यात रुतून बसतो आणि उपसून काढताना बैठकीखालची हिरवी बनात फाटते. म्हणून सभोवती दीड-दोन मिलिमीटर जागा सोडावी, खोली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, खळग्याच्या कडेवरून काचकागद असा फिरवावा की बोटाला ती कड लागू नये, आणि पटाशीच्या खुणा तळाशी राहिल्या तर राहू द्याव्या. चपडा लाखेचा हात खळग्यात देऊ नये. दमट हवेत बनात तिला चिकटते. हे सर्व करणाऱ्याने आपल्या मोहऱ्यांना चल प्रतिष्ठा दिली असे मी समजतो. ते तेथे आदराने उभे आहेत, आणि कोणीही हात पुढे केला तर डावासाठी उठू शकतात.

एक शंका शिल्लक राहते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. घोड्याचा कान तुटला तर? भंगलेली मूर्ती पूजेतून काढावी, तिचे विसर्जन करून नवी आणावी, असा धर्मशास्त्राचा सामान्य दंडक आहे. पण शाळिग्रामाला तो लागू नाही. शाळिग्राम भंगला तरी पूज्यच, कारण त्याच्यात देवत्व कोणी बाहेरून आणून स्थापिलेले नसते. मग घोडा मूर्तीच्या वर्गातला की शाळिग्रामाच्या? सोस्यूरचे म्हणणे मांडणीपुरते मी नाकारले असले तरी येथे ते साहाय्याला येते: कान गेल्याने घोड्याची अडीच घरांची चाल तिळमात्र कमी होत नाही. त्याचे घोडेपण कारागिराने कोरलेल्या कानावर अवलंबून नव्हतेच. तेव्हा कान सापडला तर सरसाने जोडावा, न सापडला तर घोडा तसाच त्याच्या खळग्यात उभा ठेवावा, आणि घरी पाहुणा येऊन डाव मांडला गेला म्हणजे जोडीतला नवा घोडा शोधीत न बसता त्यालाच पटावर न्यावे.