पाठ नसलेलं गाणं

फेब्रुवारी १९७२. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पिंक फ्लॉइडनं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सलग वाजवलं. रेकॉर्ड बाजारात यायला अजून वर्षभराचा अवकाश होता. म्हणजे समोरच्या चाहत्याला एकही ओळ पाठ नव्हती. सोबत गुणगुणणं नाही, फर्माईश नाही. एकातून दुसऱ्यात मिसळणाऱ्या सुरांमागे नुसतं जात राहायचं. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते. विलंबित ख्यालाला मांडी घालून बसणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. रचनाही तेव्हा घडतच होती. गायिका क्लेअर टोरी यांचा तो विलक्षण, शब्दांवाचूनचा आवाज तिच्यात आला १९७३च्या जानेवारीत. रेनबोतल्या श्रोत्यांना तो मिळाला नाही. तरीही मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो.