मोरीचे तोंड आणि गृहस्थाची अहिंसा

गृहस्थाश्रमात पूर्ण अहिंसा शक्य नाही, हे भारतीय धर्मशास्त्राने फार पूर्वीच मान्य केले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातील पाच वधस्थाने, म्हणजे ‘पंचसूना’, सांगितली असून, तिथे नकळत होणाऱ्या जीवहत्येच्या परिमार्जनासाठी गृहस्थाला रोजचे पंचमहायज्ञ नेमून दिले आहेत. या यादीत मोरी नाही. ती असती तरी प्रश्न सुटला नसता, कारण मोरीतून वर येणारा उंदीर चुलीतल्या किड्यासारखा नकळत मरत नाही. त्याला ठरवून मारावे लागते.

जैन आचारशास्त्राचे वर्गीकरण इथे अधिक नेमके ठरते. त्यात हिंसा चार प्रकारची मानली जाते: हेतुपूर्वक केलेली ती संकल्पी, घरकामात अटळ असलेली आरंभी, उपजीविकेतून घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणासाठी केलेली विरोधी. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ उपासकाला, संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य असते, तर उरलेल्या तिन्हींबाबत शक्य तितका संयम अपेक्षित असतो. उंदीर मारणे विरोधी हिंसेत बसते, असा युक्तिवाद सहज सुचतो. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवल्यानंतरचा इतिहास पाहता तो पोकळही वाटत नाही. मात्र 1898 मध्ये संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेगच्या प्रसारात पिसवांचा हात असल्याचे दाखवले, तेव्हा उंदीर हा शत्रू कमी आणि त्याच रोगाचा आधीचा बळी अधिक ठरला. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच्या मूत्रातून पसरतात हे खरे, पण त्यातही त्याचा हल्ला नसतो, केवळ वावर असतो. आणि वावर रोखण्यासाठी वध आवश्यकच आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करणे जुन्या चाळीत कठीण जाते. तिथे खोलीच्या कोपऱ्यातील मोरीचे पाणी पाइपातून मागच्या हाऊसगल्लीत, म्हणजे इमारतींमधल्या सांडपाण्याच्या अरुंद बोळात, उतरते, जुन्या मातीच्या नळांचे सांधे उघडे पडलेले असतात, आणि अंगठ्याएवढ्या फटीतूनही उंदीर आत शिरतो. तो उत्तम पोहतो, त्यामुळे ट्रॅपमधील, म्हणजे दुर्गंधी अडवणाऱ्या वाकातील, पाणीही त्याला थोपवत नाही. विषाने काही उंदीर मेले, तरी अन्न आणि वाट कायम असल्याने रिकाम्या जागी दुसरे येतात, म्हणजेच हिंसा घडूनही संरक्षण मिळत नाही. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, सांध्यांना सिमेंट आणि वापरात नसलेल्या नळाला बूच, हे उपाय मात्र टिकतात.

तथापि, भोक बुजवणे आपोआप अहिंसक ठरत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणारी कृत्ये, सांगितले आहेत आणि त्यांत वध, म्हणजे इथे मारहाण, याबरोबरच बंध, म्हणजे कोंडून ठेवणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे अन्नपाणी तोडणे, यांचाही समावेश आहे. उंदीर आत असताना सिमेंट भरल्यास हे दोन्ही एकदमच घडतात. म्हणून प्रथम एकेरी झडप बसवावी, जिच्यातून बाहेर जाता येते पण परतता येत नाही. आतील वावर थांबल्याची, तसेच मागे पिले नसल्याची, खात्री झाल्यावरच फट बुजवावी. ही झडप बसवणाऱ्या प्लंबरने तत्त्वार्थसूत्र वाचलेले नसले तरी त्याच्या कामाचा क्रम त्या सूत्राशी जुळतो.

योगसूत्राने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवलेली आणि संमत केलेली, असेही भेद केले आहेत, आणि शहरी गृहस्थाची खरी अडचण दुसऱ्या भेदात आहे. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्री गल्लीबोळांत काठीने उंदीर मारतात. तक्रार नोंदवून निश्चिंत झोपणाऱ्याचा हात कोरडा राहतो, पण कर्मविचारात तो कोरडा धरला जात नाही. स्वतःची मोरी दुरुस्त करणारा निदान त्या करवून घेण्यातून सुटतो.

तरीही एका खोलीची जाळी उंदराला शेजारच्या खोलीकडेच वळवते, आणि ज्याला दुरुस्ती परवडत नाही त्याच्या वाट्याला उंदीर आणि विष दोन्ही येतात. व्रत व्यक्तीने घ्यायचे असते, पण हाऊसगल्लीतला नळ साऱ्या चाळीचा असतो. त्यामुळे या व्रताचा मोठा भाग देवघराऐवजी चाळीच्या दुरुस्ती-वर्गणीच्या बैठकीतच पाळावा लागतो.