नव्या शिक्षकाची तीन वर्षे आणि संघटनेचे काम

माध्यमिक शाळेत नव्याने लागलेला शिक्षक महाराष्ट्रात पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ असतो. ही योजना २००० साली आली आणि पंचवीस वर्षांनंतरही टिकून आहे. त्याला महिन्याला मानधन मिळते अठरा हजार रुपये, तेही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी कित्येक वर्षे हा आकडा आठ हजारांवर अडलेला होता. तीन वर्षे पुरी झाली की तोच शिक्षक, त्याच वर्गावर, तेच पुस्तक शिकवताना ३८,६०० रुपयांच्या मूळ वेतनावर जातो आणि वर महागाई भत्ता असतोच. म्हणजे काम पूर्ण आणि मोबदला मूळ वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. बी.एड. आणि अभियोग्यता चाचणीचे उंबरठे ओलांडून तो इथवर आलेला असतो. ती चाचणीही दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली आणि त्यानंतर २०२५ मध्ये. पुष्कळांची उमेदीची वर्षे या वाट पाहण्यातच गेली.

मानधनाची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. त्याच तीन वर्षांतली दुसरी गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. राज्यघटनेच्या १७१व्या कलमाने शिक्षकांना विधान परिषदेत स्वतःचे प्रतिनिधी दिले आहेत. त्या मतदारसंघात नाव नोंदवायचे तर आधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. पुणे शिक्षक मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. तिथली मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली, पुढची २०२६ च्या अखेरीस अपेक्षित आहे. २०२४ च्या सुरुवातीला पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या शिक्षकाची तीन वर्षे तोवर भरलेली नसतील. आधी कुठल्या मान्यताप्राप्त शाळेत त्याने शिकवले नसेल तर त्याचे पहिले मत पडेल ते २०३२ मध्ये. ज्या काळात माणूस सर्वांत कमी पैशांवर आणि सर्वांत जास्त भीतीत काम करतो, त्याच काळात त्याच्या दारात मत मागायला कोणी येत नाही. शिक्षक संघटनांचे लक्ष ज्येष्ठांच्या प्रश्नांकडे झुकलेले असते त्याचे एक कारण इथे आहे, असे मला वाटते.

शिक्षक संघटनांनी काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी टिकण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याची किंमत कळते. कायम शिक्षकाला आता चौकशीशिवाय घरी बसवता येत नाही, आणि बसवलेच तर शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप, ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द काढून टाकण्यासाठी झालेली आंदोलने, मार्च २०२३ मधला जुन्या पेन्शनसाठीचा संप, या सगळ्यांत शिक्षक रस्त्यावर होते. नोकरी वाचवणे, पगार वेळेवर मिळवणे, मान्यतेची फाईल पुढे सरकवणे ही कामे आमच्या संघटनांना उत्तम जमतात. नवा शिक्षक चांगला शिक्षक व्हावा, हे काम मात्र कोणाच्याच यादीत नाही.

हे सगळ्यांत ठळकपणे दिसते पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आणि माण, तिथे संगणक कंपन्या आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. मधे भूगाव, पिरंगुट, घोटावडे, पौड. आणि पौड सोडून ताम्हिणीकडे निघालात की मुळशी धरणाच्या पाण्याभोवती विखुरलेल्या वाड्या. १९२१ च्या सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी ज्या जमिनींसाठी लढले त्या पाण्याखाली गेल्या आणि उरलेली वस्ती डोंगरउतारांवर पांगली. अशा ठिकाणच्या माध्यमिक शाळेचा पट लहान असतो. पट लहान म्हणजे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून होणाऱ्या पदांच्या मंजुरीत, पदे मोजकी. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर तर पट विसाच्या खाली गेलेल्या शाळांना पद राहते की जाते याचीच चिंता आहे. पद गेले तर अतिरिक्त ठरतो तो बहुधा सेवाज्येष्ठतेत सर्वांत शेवटी असलेला, म्हणजे पुन्हा नवाच.

मोजक्या पदांच्या शाळेत गणिताला एकच शिक्षक असतो, इंग्रजीला एकच. शहरातल्या मोठ्या शाळेत नवा शिक्षक शिक्षकखोलीत शेजारी बसलेल्या ज्येष्ठाला विचारू शकतो. इथे त्याच्या विषयाचे शेजारी कोणी नसतेच. मुख्याध्यापक भाषेचे असतील तर गणिताच्या तासाला ते खिडकीतून शिस्त पाहतील. शिकवणे कसे चालले आहे ते त्यांना कसे समजावे?

नववीचा भूमितीचा तास घ्या. त्रिकोणाचा बाह्यकोन हा त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे प्रमेय. नवा शिक्षक मन लावून फळ्यावर आकृती काढतो, पक्ष लिहितो, साध्य लिहितो, सिद्धतेची प्रत्येक पायरी कारणासह मांडतो. मुले वह्यांत सुवाच्य अक्षरात सगळे उतरवतात. तास छान झाला असे त्याला वाटते. चाचणीत तीच आकृती उलटी येते, बाह्यकोन उजवीकडचा डावीकडे जातो, अक्षरे बदलतात, आणि अर्धा वर्ग शेजारचाच कोन दूरस्थ म्हणून धरतो. पंधरा वर्षे नववीवर काढलेल्या शिक्षकाला हे आधीच माहीत असते. पक्ष-साध्य लिहिण्यापूर्वी तो तीन-चार वेगवेगळ्या त्रिकोणांत मुलांना नुसते दूरस्थ कोन दाखवायला लावतो, आणि मगच सिद्धतेकडे वळतो. एवढी एक गोष्ट कोणी मागच्या बाकावर बसून पाहिली आणि तास संपल्यावर सांगितली, तर त्या शिक्षकाचा पुढचा सगळा भूमितीचा भाग बदलून जातो. कोणी सांगितली नाही तर ‘खेड्यातली मुले, त्यांना भूमिती जमत नाही’ असा समज त्याच्या मनात रुजतो. एकदा रुजला की तो निवृत्तीपर्यंत जात नाही. पहिली वर्षे इतकी मोलाची आहेत ती यासाठी.

आपली व्यवस्था या वर्षांत काय करते? शिक्षण सेवकाची तीन वर्षे ही परिवीक्षेचीच असतात. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत परिवीक्षेवरील कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे सांगितले आहे. नियम चांगला आहे, पण तो मोजण्याचा आहे, घडवण्याचा नाही. सेवांतर्गत प्रशिक्षणे होतात, ती सरसकट सर्वांसाठी. पगाराशी जोडलेले प्रशिक्षण येते ते वरिष्ठ वेतनश्रेणीच्या वेळी, बारा वर्षांच्या सेवेनंतर, आणि पुढे निवडश्रेणीसाठी चोवीस वर्षांनंतर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. मुळशीतल्या शिक्षकाचे ते तास प्रत्यक्षात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, नेटवर्क मिळेल त्या वेळी पुरे होणार. त्या पडद्याला त्याचा वर्ग दिसत नाही.

युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र स्वीकारले. जागतिक शिक्षक दिन त्या तारखेला पाळतात तो त्यामुळेच. परिवीक्षा हा काळ नवागताला उत्तेजन देण्याचा आणि व्यवसायात त्याचा हात धरून नेण्याचा आहे, हे शिक्षक आणि मालक दोघांनीही मानावे, असे त्यात म्हटले आहे. स्कॉटलंडने ते प्रत्यक्षात आणले. तिथे २००१ मध्ये शिक्षक संघटना, स्थानिक प्रशासने आणि सरकार यांच्यात करार झाला, आणि २००२ पासून शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्या नव्या पदवीधराला एक वर्षाची हमीची जागा, कमी केलेले तास आणि एक मार्गदर्शक शिक्षक मिळू लागला. पगाराच्या वाटाघाटींच्या टेबलावरच हे ठरले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नव्या शिक्षकाचे तास कमी असावेत ही कामगार संघटनेची मागणी असू शकते, याचा तो पुरावा आहे.

यावर आपल्याकडचे कार्यकर्ते एक रास्त शंका घेतात. आधी पूर्ण पगार द्या; मार्गदर्शनाच्या नावाखाली आणखी एक तपासनीस नव्या पोरांच्या मानगुटीवर बसवू नका. ही भीती अनुभवातून आलेली आहे. ज्या मुख्याध्यापकाच्या हाती गोपनीय अहवाल आहे, ज्याच्या शेऱ्यावर परिवीक्षा संपणार की नोकरी जाणार हे ठरते, त्याच्यापुढे कोणता शिक्षण सेवक कबूल करील की आठवी ‘ब’ त्याला आवरत नाही? म्हणूनच हे काम संघटनेने घ्यावे असे माझे म्हणणे आहे. संघटना कोणाचा गोपनीय अहवाल लिहीत नाही. शिवाय संस्थांच्या सीमा ओलांडणारी यंत्रणा तिच्याकडेच आहे. कोळवण खोऱ्यातल्या शाळेची संस्था वेगळी, मुठा खोऱ्यातल्या शाळेची वेगळी. पण तालुक्याच्या शाखेत दोन्हीकडचे गणिताचे शिक्षक सभासद असतात. विषयांची अध्यापक मंडळे आहेत, त्यांना सोबत घेता येईल. एकाच शाळेत जे दुसरे गणित शिक्षक मिळत नाहीत, ते तालुक्यात मिळतात.

पूर्ण पगाराची मागणी मागे ठेवा असे मी मुळीच म्हणत नाही. अठरा हजारांत पुण्यातून पिरंगुटच्या पुढे रोज जाऊन-येऊन करणाऱ्या, किंवा पौडला खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाला संध्याकाळी शिकवण्या घ्याव्या लागतात. उद्याच्या तासाची तयारी त्यातच बुडते. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात हव्यात. शिक्षण सेवकाला आठवड्याला ठरावीक तासिका मोकळ्या द्याव्यात, त्यातल्या काही दुसऱ्या शाळेतल्या आपल्या विषयाच्या ज्येष्ठाचा तास पाहण्यासाठी असाव्यात, आणि त्या ज्येष्ठाचा तो दिवस कर्तव्यकाळ धरावा. यासाठी माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या परिपत्रकापासून सुरुवात करता येईल.

तालुका शाखेला तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तालुक्यात नव्याने रुजू झालेल्यांची यादी करावी. वैयक्तिक मान्यता, पगारासाठीचा शालार्थ क्रमांक आणि सेवापुस्तकातल्या नोंदी यांत त्यांना पहिल्याच महिन्यात मदत करावी, म्हणजे विश्वास बसतो. मग प्रत्येकाला त्याच्या विषयाचा एक अनुभवी शिक्षक जोडून द्यावा. हिंजवडी-माणच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांतल्या तरुण शिक्षिकांनाही बोलवावे. १९७७ चा कायदा अनुदान नसलेल्या खासगी शाळांनाही लागू आहे, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. सभासद वर्गणी तीन वर्षे माफ करावी आणि कार्यकारिणीत परिवीक्षेतल्या एकाला मतासह जागा द्यावी. विधान परिषदेचे मत कायद्याने अडवले आहे, संघटनेतले मत कोणी अडवलेले नाही.

आणि २०२६ च्या प्रचारात उमेदवार पौडला सभेसाठी येतील तेव्हा, ज्यांना त्या निवडणुकीत मत नाही त्यांच्या वतीने ज्येष्ठ शिक्षकांनी उठून विचारावे: शिक्षण सेवकाच्या मोकळ्या तासिकांसाठी आणि पूर्ण वेतनासाठी तुम्ही सभागृहात पहिल्या वर्षी काय मांडणार आहात?