इंद्रावरचा खटला



आज विभूतियोगातला २२ वा श्लोक. भगवंत सांगतात, देवांमध्ये मी इंद्र. इथे मी दरवेळी अडखळतो, कारण ऋग्वेदात याच इंद्राचं एक नाव पुरंदर आहे. आपल्याला आधी पुण्याजवळचा किल्ला आठवतो, पण शब्दाचा अर्थ पुरं फोडणारा, तटबंदीच्या वस्त्या उद्ध्वस्त करणारा.

या एका नावावरून इंद्रावर खरंच आरोप ठेवला गेला होता. सिंधमधल्या मोहेंजोदडोच्या उत्खननात गल्ल्यांमध्ये, घरांमध्ये मानवी सांगाडे सापडले, सगळे मिळून चाळीसच्या आत. एका खोलीत तेरा मोठी माणसं आणि एक मूल. काहींच्या अंगावर बांगड्या, अंगठ्या तशाच. १९४६ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्प्याला खोदकाम केलं आणि तिथली तटबंदी उघडी केली. मग त्यांनी टोकं जोडली. तट आहेत, मृतदेह आहेत, आणि वेदांत तट फोडणारा देव आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावर इंद्र आरोपी, असं त्यांनी लिहिलं. ही गोष्ट बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत राहिली.

१९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी साधे प्रश्न विचारले. शहर लढून पाडलं, तर जळालेला थर कुठे आहे? हत्यारं कुठे आहेत? शेवटची लढाई बालेकिल्ल्यावर होणार ना, मग तिथे एकही सांगाडा का नाही? आणि हे सगळे एकाच दिवशी मेले कशावरून? सांगाडे वेगवेगळ्या थरांतले होते. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, त्यातूनही कत्तलीच्या कथेला आधार मिळाला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जाम आनंद झाला. सुटला आपला देव! पण खरं सांगू, मला पुरावा पटला त्याआधी निकाल आवडला होता. डेल्सना राखेचा थर सापडला असता, तर मीच त्यांना दोन मिनिटांत पूर्वग्रहदूषित ठरवलं असतं.

गेल्या वर्षी ऑफिसमध्ये पहाटे सिस्टिम बंद पडली. आदल्या रात्री एका ज्युनियरने नवा कोड टाकला होता. मी कॉलवर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन मोकळा. दोन तासांनी कळलं, एक सर्टिफिकेट एक्स्पायर झालं होतं. व्हीलरसाहेबांनी निदान खोदून तरी पाहिलं होतं.

आणि इंद्र या खटल्यातून सुटला, तरी पुरंदर हे नाव राहतंच. तट फुटल्याचा आनंद सूक्तांमध्ये आहे. तो ऐकताना आत कोण राहत होतं, हे मी कधी विचारलं नाही. शिवाय याच अध्यायात बाराच श्लोक पुढे भगवंत स्वतःला सगळं हरण करणारा मृत्यू म्हणवतात. सुटका मला हवी होती, त्यांनी कुठे मागितली होती?

उद्या २३ वा श्लोक, रुद्रांमध्ये शंकर. त्याआधी त्या ज्युनियरला फोन करायचाय. आरोप मी सगळ्यांसमोर केला होता, आणि सॉरी मात्र फक्त त्याला, चॅटवर.