वार्धक्य आणि चुरस

साठीला टेकलेल्या माणसाने विशी-पंचविशीच्या पोरांबरोबर सायकलीच्या शर्यतीत उतरावे काय, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटतो. घरची मंडळी त्यावर हसतात, शेजारी कौतुक करतात आणि डॉक्टर मान हलवितात. परंतु या तिहींपैकी एकानेही प्रश्नाचा उलगडा होत नाही. तो जितका शरीराचा आहे तितकाच नीतीचाही आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम शर्यतीचे स्वरूप पाहू. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धीर, झोपेवरील ताबा आणि अन्नपाण्याचे तारतम्य यांना मोठे मोल असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड आडवा ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली, ती अशाच गुणांच्या बळावर. आखूड वळशाच्या शर्यतीची गोष्ट निराळी. किलोमीटरभराचा बंद रस्ता, त्याला चार वळणे आणि चाळीस फेऱ्या असे धरले, तर एकशे साठ वेळा वेग आवरून पुन्हा उसळी घ्यावी लागते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दुसऱ्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम बरेच वाचतात, आणि ज्याचा तो आडोसा दोन-चार हातांनी सुटला तो एकटाच वाऱ्याशी झुंजत मागे पडतो. पुढच्यांनी एक अख्खी फेरी चढविली की त्याला बहुधा मैदानाबाहेर काढतात. आता वय नेमके काय हिरावून नेते? हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती उतरते आणि झटक्याने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात. चिकाटी त्या मानाने पुष्कळ दिवस टिकते. म्हणजे ही शर्यत म्हाताऱ्याजवळ नेमके तेच मागते, जे त्याच्या गाठी सर्वांत कमी उरलेले असते.

कोणी म्हणेल की, आपल्या परंपरेने पन्नाशीनंतर वनाची वाट दाखविली असता ही हाव कशाला? ययातीची कथा याच अर्थाने सांगितली जाते. परंतु ययातीचा दोष नीट पाहिला पाहिजे. त्याने आपल्या मुलाचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतले आणि आपली जरा त्याच्या माथी दिली. शर्यतीत उतरणारा वृद्ध कोणाचे तारुण्य मागत नाही. आपली जरा आपल्याच पायांत घेऊन तो उभा राहतो. ययातीची उपमा त्याला एकाच ठिकाणी लागू पडेल: आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याने भरावी अशी त्याची तजवीज असेल तर.

आणि खरा आक्षेप येथेच आहे. वळणावर एकाचे चाक घसरले की मागचे चार जण त्याच्यावर कोसळतात. शिवाय तरुणाचे हाड लवकर सांधते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनेच्या महिने अंथरुणाला खिळतो, आणि त्या अंथरुणाशी रात्री जागण्याचे काम बहुधा त्याच्या पत्नीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येते. तिने शर्यतीच्या अर्जावर सही केलेली नसते. ‘माझे शरीर, माझी मर्जी’ हे उत्तर म्हणून अपुरे आहे. जिला शुश्रूषा करावी लागणार तिला नुसते कळवून भागत नाही, तिची संमती विचारली पाहिजे; आणि संमती विचारणे याचा अर्थ नकारही ऐकण्याची तयारी ठेवणे हा होय. तसेच अंगातले त्राण संपले की वळणावरची नजरही ढळते. तेव्हा पंचाने काढण्यापूर्वीच आपण होऊन बाजूला होणे हे सोबतच्या स्वारांचे देणे आहे. या अटी ज्याला जाचक वाटतात त्याने घरीच बसावे, हे उत्तम.

या अटी पाळणाऱ्याला मात्र शर्यत एक दुर्मिळ वस्तू देते. आपल्याकडे वृद्धाला आदर पुष्कळ मिळतो, पण खरे बोलणे फार थोडे मिळते. सभेत त्याला पुढची खुर्ची देतात, त्याची जुनी हकीकत दहाव्यांदा ऐकून घेतात, बुद्धिबळाच्या पटावर नातू मुद्दाम हरतो. हा सारा प्रेमाचा व्यवहार आहे. पण त्यातून त्याला स्वतःची खरी बातमी कळत नाही. वळणावरून पुढे निघून जाणारा पोरगा त्याचे पांढरे केस पाहून वेग कमी करीत नाही. त्या न थांबण्यात मोठी मान्यता आहे, कारण आपल्या बरोबरीचा समजल्यावाचून कोणी कोणाशी पूर्ण बळाने झुंजत नाही. अर्थात हे ऋण दुहेरी आहे. ‘मी आपला हौसेखातर आलो’ असे आधीच सांगून जो निम्म्या बळाने पायडल मारतो, तो पराभवाची लाज चुकवितो आणि प्रतिस्पर्ध्याचा विजयही स्वस्त करतो.

मग वयोगट पाडून दिलेली बक्षिसे खोटी म्हणावीत काय? फ्रान्सचे रोबेर मारशाँ यांनी २०१४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, एका तासात २६.९२७ किलोमीटर सायकल चालविली. २०१७ साली, १०५ व्या वर्षी, २२.५४७. त्यांच्या गटात दुसरा स्वारच नव्हता, म्हणून कोणी त्या विक्रमांना हसेल. आम्हांस त्या दोन आकड्यांतील अंतर मोलाचे वाटते. आकडा चार किलोमीटरांहून अधिक घसरला, तरी त्यांनी तो जगासमोर मोजू दिला. वयोगट लबाडी होतो तो माणूस त्याच्याआड आपला आकडा लपवितो तेव्हाच.

नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. १९७४ साली तेथे पहिला संच सुरू झाला. पुढे २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. जुन्यांपैकी २१० मेगावॅटचा सहावा संच मोडीत न काढता त्याचे नूतनीकरण करण्यात आले. त्याच्याकडून कोणी ६६० ची अपेक्षा केली नाही. पण जुना म्हणून २१० ची माफीही दिली नाही. वृद्ध स्वाराने स्वतःला लावावयाचे माप हेच. त्याच गावच्या जगदंबेविषयी भाविकांची श्रद्धा अशी की, देवीचे रूप सकाळी बालिकेचे, दुपारी तरुणीचे आणि सायंकाळी प्रौढेचे दिसते. सायंकाळच्या रूपाला सकाळची उतरती प्रत समजून कोणी हात आखडता घेत नाही. मात्र सायंकाळी सकाळ आहे असेही कोणी म्हणत नाही.

तेव्हा आमचे मत असे की, घरच्यांची संमती, हाताची सफाई आणि वेळेवर थांबण्याचा विवेक या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याने खुशाल उतरावे, आणि उतरल्यावर जिंकण्यासाठीच झटावे. बहुधा तो हरेल. एक फेरी मागे पडला म्हणून पंचाने खूण केली की त्याने वाद न घालता बाजूला व्हावे, घाम पुसावा, आणि उरलेल्या फेऱ्या कठड्याशी उभे राहून पाहाव्यात. ज्यांनी त्याला मागे टाकले त्यांचे कसब त्या घटकेला त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही.