पाण्याची वाट

सज्जनहो, पूर आला की आपण म्हणतो, "पांडुरंगाची इच्छा." या बोलण्यात शरणागती किती आणि जबाबदारीतून सुटका किती, हे तपासायला हवे.

परभणी तालुक्यातल्या पेडगावच्या शिवारात पाहा. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसात ती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. मग ते ओढ्याकडे धावते. तो ओढा आपणच बांध सरकवून अरुंद केला असेल, पुलाच्या नळ्यांत काडीकचरा साचू दिला असेल, तर पाणी शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये शिरणारच. पाऊस देवाचा खरा, पण सरकवलेला बांध कोणाचा?

मोठ्या नदीवरही हाच प्रश्न आहे. पैठणचे जायकवाडी धरण भरले की आपण जलपूजन करतो. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठची गावे वेढली. धरण राखायचे तर पाणी सोडावेच लागते. पण आधीपासून थोडे थोडे सोडायचे की शेवटी एकदम, हे माणूस ठरवतो. उन्हाळ्याच्या काळजीने वरचा थांबतो, त्याची किंमत खालचा मोजतो. वरच्याला बोल लावताना एक विसरू नका: आपल्या ओढ्यावर आपणही कोणाच्या तरी वरचेच आहोत.

पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. पाणी हाती आले म्हणून ते माझे होत नाही, हा तिचा बोध. दुष्काळात पाणी देताना तो लागू आहे, तसाच पुरात पाण्याला वाट देतानाही.

हे सोपे नाही. बांध मागे घेतला की पिकाची दोन तासे कमी होतात, आणि लहान शेतकऱ्याला तीही जड जातात. नदीकाठी राहणारा तिथे हौसेने राहत नाही. त्याला दुसरी जागा नसते. म्हणून हा भार एकट्यावर टाकू नये. ओढा मोकळा करण्याचा खर्च साऱ्या गावाने वाटून घ्यावा, सखलातल्या घरांना उंचावर जागा द्यावी, पाणी चढताच रात्रीही दवंडी पिटावी.

दिंडीत एक जण वाटेत अडून बसला तर मागची सारी रांग खोळंबते, हे आपण जाणतो. पाण्याचेही तसेच आहे. मृगाआधीच्या एकादशीला भजन झाले की टाळ ठेवा, फावडे घ्या आणि ओढ्यावर चला. तीही सेवाच आहे.

रामकृष्ण हरी.